उलटी पेडलं

३ मार्च
आली. गिटारसकट आली. मागची खोली आता दोघींनी अडवली आहे.

सूनबाई दोन महिने राहणार. इथल्या नाट्यगृहात नव्या नाटकाला वाजवायचं काम मिळालंय म्हणे. कशाच्या जोरावर? माझ्या पोराच्या गिटारच्या! त्याला जाऊन अजून नऊ महिनेही झाले नाहीत, आणि ही बाई त्याच्या गिटारवर काम धरून मोकळी.

साधी गिटार नव्हे ती. टेबलासारखी चार पायांवर उभी. दहा तारा, खाली तीन पेडलं, गुडघ्याने ढकलायचे चार लिव्हर. पेडल दाबलं की पोटातली सळी ओढली जाते आणि तार ठरल्याइतकीच चढते — केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. ते पोट मी बनवलं. एकतीस वर्षं कारखान्यात लेथ चालवला, तो सगळा हात त्यात ओतला. पोरगा तेव्हा एकवीस वर्षांचा होता. कितीतरी वेळ नुसता तिच्याभोवती फिरत राहिला होता, हात न लावता.

४ मार्च
ती बाहेर गेली तेव्हा गिटार उलटी करून पाहिली. डोकंच फिरलं. पेडलं बदलली आहेत! डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. मधलं तेवढं जागेवर — उपकारच म्हणायचे. लिव्हरही इकडचे तिकडे.

पोरगा होता तोवर दर दोन-तीन महिन्यांनी मी त्याच्याकडे जायचो. गेलो की आधी गिटार आडवी करून पोट बघायचो, मग पाणी प्यायचो. दहा वर्षं सगळं जिथल्या तिथे होतं. हिने आठ महिन्यांत वाट लावली!

संध्याकाळी विचारलं. "मला असंच जमतं, बाबा." एवढंच. मान वर न करता.
"त्याचं तर माझ्या पद्धतीने उत्तम चाललं होतं," म्हटलं.
ती तारा पुसत राहिली. गप्प बसण्यात भारी पटाईत आहे.

५ मार्च
तिच्या हातचा चहा घेतला नाही. ओतून टाकला, ती बघत असताना.

८ मार्च
आज सरळ सांगितलं. "नाटक संपलं की पेडलं होती तशी करून ठेवायची. त्याची आठवण आहे ती."

"आठवण आहे, बाबा, पण मला रोज वाजवायचीय."

"मग दुसरी घे!"

"अशी दुसरी कुठे मिळते?"

स्तुती होती की टोमणा, कळलं नाही. टोमणाच असणार. ही मध्ये पडली — "अहो, पाय तिचे, पेडलं तिच्या सोयीची. तुम्हाला काय त्रास?" चाळीस वर्षांच्या संसारात बायको माझ्या बाजूने बोलल्याचं आठवत नाही, आता तर तिला जोडीदारीण मिळाली. दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत असतात. मी गेलो की भांड्यांचा आवाज वाढतो.

१२ मार्च
तारा कानाने लावते! मी सूर मोजायचा मीटर नेऊन समोर ठेवला. कडेचं पेडल दाबायला लावलं, पाचवी तार छेडायला लावली. काटा मध्याच्या डावीकडे.

"उतरलेली आहे," म्हटलं.

"मुद्दाम उतरवलीय. काटा मध्यावर आणला की ही तार बाकीच्यांशी भांडते. ऐका." आणि गिटारच्या टोकाचा नट फिरवून दोन्ही तऱ्हेने वाजवून दाखवलं. पोराला शिकवतात ना, तसं. मला!

फरक ऐकू आला. तिला सांगितलं नाही. "मीटर खोटं बोलत नाही," म्हणून उठून आलो.

१४ मार्च
आज एक गोष्ट केली.

गिटारच्या उजव्या टोकाला नायलॉनचे बारके नट आहेत. किल्लीने जरासे फिरवले की पेडल दाबल्यावर तार किती चढायची ते बदलतं. मोकळी तार मात्र हलत नाही, त्यामुळे नुसती छेडून बघणाऱ्याला काही कळत नाही. दुपारी तालमीला निघण्याआधी ती आंघोळीला गेली होती. तीन नट. पाव-पाव फेरा.

मीटरवर आणतोय, असं मनाला सांगत होतो. मीटर कपाटात होता. इथे तरी खोटं कशाला लिहू?

१५ मार्च
काल तालमीत फजिती झाली. मला कुणी सांगितलं नाही, स्वयंपाकघरातलं ऐकलं. "आई, पेडल दाबलं आणि सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. दिग्दर्शक म्हणाले, पुन्हा असं झालं तर ही गिटार काढून टाकू, कीबोर्डवर भागवू."

मग खोलीत आली. मी पेपर घेऊन बसलोच होतो. गिटारशी वाकली आणि तीन नट फिरवले. तेच तीन! चौथ्याला हातसुद्धा लावला नाही. एकेक पेडल दाबून ऐकलं, किल्ली ठेवली, गेली.

म्हणजे कळलंय. अगं, मग ओरड की! चार शब्द सुनाव! म्हणजे मलाही तोंड उघडता येईल. आठ महिने साठलंय. पण नाही. ही बाई भांडायलाही तयार नाही माझ्याशी.

१६ मार्च
"जनाची नाही तर मनाची तरी" — बायको. सकाळपासून दुसरं वाक्य नाही. जेवण वाढलं, तेही ताट आपटून.

१८ मार्च
किल्ली माझ्या खिशात. मागेल, मग देईन, मग बोलणं होईल, असा हिशेब होता. मागितलीच नाही. बोटांनी फिरवले नट. घट्ट बसतात ते, मीच तसे केलेत. बोटांची टोकं लालभडक झाली होती.

किल्ली जागेवर नेऊन ठेवली. हरलो म्हणून नाही. नायलॉन खराब होतं बोटांनी.

२१ मार्च
पहिला खेळ. जाणार नव्हतो. हिने शर्ट काढून पलंगावर ठेवला आणि म्हणाली, "नाही आलात तर मी परत घरी येते की नाही ते बघा." गेलो.

ती रंगमंचाच्या डाव्या अंगाला, निम्मी अंधारात. पहिला अंक नुसता तिच्या पायांकडे बघण्यात गेला. उलटी पेडलं! उलट्या बाजूने पाऊल कलतंय!

दुसऱ्या अंकात नाटकातला म्हातारा दार लावून घेतो आणि कुणी काही बोलत नाही. तिथे ती एकटीच वाजवते. एक सूर धरला, पेडल इतकं सावकाश दाबलं की तार चढतेय हे कळायच्या आत चढून बसली होती. नाट्यगृहात कुणी खोकलंही नाही. शेजारचा गृहस्थ चष्मा पुसायला लागला. माझं लक्ष सळ्यांकडे — कुठे करकर नाही, कुठे अडकणं नाही. माझं काम चोख आहे.

वाईट वाजलं असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही. बरं वाजलं. फार बरं वाजलं, त्याचाच राग येतोय. त्याच्या जागी बसून, त्याच्या गिटारवर, त्याच्यासारखंच वाजवते. हुबेहूब! ते सूर त्याचे होते, तिला कुणी दिले?

ठरलं. उद्या त्या दोघी दुपारी बाहेर जाणार आहेत. दोन तास मिळतील. सगळं सोडवून पूर्वीसारखं बसवतो. मग करू दे काय करायचं ते. जाऊ देत तिचे खेळ!

२२ मार्च
सोडवली. पोटात आडवे दांडे आहेत, त्यांवर पितळी बोटं स्क्रूने आवळलेली, ती सळ्या ओढतात. पहिलं बोट सरकवलं आणि हात थांबला.

दांड्यावर, तिच्या जागेवर, स्क्रूचा एकच व्रण. खोल, काठ गुळगुळीत झालेले, आत जुनं तेल काळं पडलेलं. असा व्रण आठ महिन्यांत पडत नाही. मी लोखंड ओळखतो. दहा वर्षांचा आहे तो. आणि माझ्या जागेवर? बारीक खुणांची नुसती चाळण. लावलं, काढलं. लावलं, काढलं.

तशीच उघडी ठेवून बसलो. ती आली, बघितलं, जमिनीवर समोर बसली.

"त्याचा घोटा तुमच्या बाजूने वळायचा नाही, बाबा. कळ यायची. तुम्ही येणार म्हटलं की आदल्या दिवशी दोन तास खाली आडवा पडून सगळं बदलायचा. तुम्ही गेलात की परत."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

तिने मी सरकवलेलं पितळी बोट परत त्या जुन्या व्रणावर आणून बसवलं.

"हिला सांगू नकोस," म्हटलं.

"आईंना पहिल्यापासून माहीत आहे."