बाहेर पडण्याच्या मार्गाबाबत हरकत

२ जून, सोमवार
शेवटी सरकारला सुचलं. पेपरात आहे: कॉलेजच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीपर्यंतचा लेखी आराखडा देण्याचा कायदा येतोय. नागरिकांकडून सूचना व हरकती मागवल्या आहेत. आमच्या जुईलीचा आराखडा मी बारावीच्या निकालादिवशीच करून भिंतीला लावला होता. सरकार दोन वर्षं मागे आहे.

दुपारी जुईली म्हणाली, तिसरं वर्ष करायचं नाही. नव्या धोरणात दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं म्हणे, वाटलं तर पुढे परतही येता येतं. पौडच्या पुढे कुत्र्यांच्या हॉस्टेलवर तिला नोकरी मिळते आहे. आयटीवाले सुट्टीला जाताना, नाहीतर घरी वेळ नसला की, कुत्री तिथे ठेवतात. तिथेच राहायचं. कॉलेजला महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे.
मी शांत राहिले. आवाज चढला तो पंखा जोरात होता म्हणून.

३ जून
ठराव: जेवताना हा विषय काढायचा नाही.

३ जून, जेवणानंतर
काढला नाही. आमचे हे म्हणाले भाजी छान झाली आहे, त्यावरून आपोआप निघाला.

५ जून
बोलून उपयोग नाही. कायदाच दुरुस्त करायला हवा. हरकत एका वाक्यात लिहिली: मधूनच बाहेर पडण्याचा मार्ग तातडीने बंद करावा. सभ्य आणि स्पष्ट. ह्यांनी वाचून विचारलं, कशातून बाहेर पडण्याचा, ते लिहायला नको का? म्हटलं, वाचणाऱ्याला अक्कल असते.
ईमेलने पाठवा असं पेपरात आहे. ईमेलवर शिक्का नसतो. पौडला जाऊन समक्ष देणार.

६ जून
पौड. सरकारी कचेरीत रांग. कारकुनाने विषय विचारला. मार्ग, म्हटलं. गट नंबर विचारला. कॉमर्स, म्हटलं. तो म्हणाला, बाई, जमिनीचा गट, घर कुठल्या गटात हाय? घराचा दिला. पत्त्यासाठी लागत असेल. मागे कोण राहतं, हेही विचारलं. गेणबा, म्हटलं. म्हणजे सरकार आता विद्यार्थ्याच्या आसपासचं वातावरणही बघतं. चांगलं आहे.
शिक्का मिळाला.

७ जून
जुईलीला शिक्का दाखवला. कागद दोनदा वाचून ती आतल्या खोलीत गेली. हसल्याचा आवाज आला. दडपण आलं असणार.

१६ जून
पत्र आलं. माझ्या हरकतीवर २४ तारखेला स्थळपाहणी. दहा दिवसांत दखल. विद्यार्थी कुठल्या परिस्थितीत शिकतो ते अधिकारी घरी येऊन बघणार. ह्यांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, मला हे काहीतरी वेगळं वाटतंय. ह्यांना नेहमीच वाटतं.

२२ जून
गेणबा दारात. मागच्या खोल्यांचा मालक, आमचा प्लॉटही मूळचा त्याच्या बापाचा. म्हणाला, बाई, आमचं काय चुकलं का? मला कागूद आलाय. मी म्हटलं, तुमचा काय संबंध, हे शिक्षणाचं आहे. तो म्हणाला, व्हय, तेच. अडाण्याला शिकवायचं तुमाला लई जमतंय.
नीट कळलं नाही, पण आदर जाणवला.

२४ जून, मंगळवार
मार्कशीटची फाइल तयार, कांदेपोहे तयार, भिंतीवरच्या आराखड्यावरची धूळ पुसलेली. अधिकारी आले, पण आत आलेच नाहीत. टेप लावून घराशेजारची वाट मोजायला लागले. गेणबा सगळ्या भाडेकरूंना घेऊन हजर. अधिकाऱ्यांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला. गेणबा म्हणाला, ऐकलं का साहेब, मग आमी बाहेर पडायचं कुटनं? हेलिकाप्टर घेऊ का?
भाडेकरू हसले. आमचे हेही.
मी सांगितलं, हा पदवीचा मार्ग आहे. अधिकारी म्हणाले, मॅडम, पदवी कुठल्या गटात येते? पुन्हा समजावलं. त्यांनी कपाळ पुसलं. आता आलोच आहोत तर जबाब घ्यावे लागतील, म्हणाले. बाहेर पडायच्या मार्गाची गरज कोणाकोणाला आहे?
जुईली पुढे झाली. मला, म्हणाली. सही केली.
मी म्हटलं, तिला कळत नाही. अधिकाऱ्यांनी वय विचारलं. वीस. मग चालतं, म्हणाले.
पोहे भाडेकरूंनी संपवले.

२७ जून
निर्णय आला. मार्ग खुला ठेवावा. शिवाय आमचं फाटक वाटेवर उघडतं, ते आतल्या बाजूला उघडेल असं करून घ्यावं. अपिलाचा विचार चालू आहे.

३० जून
ठरवलं होतं: जुईलीला घेऊन कॉलेजात जायचं, प्राचार्यांशी बोलायचं. सकाळीच साडी नेसून तयार झाले. ती म्हणाली, आई, कॉलेजला कळवायचं काल मोबाइलवरून झालं. कधी? तू फाटकवाल्याशी भांडत होतीस तेव्हा. कॉलेजची ईमेलही आली आहे.
त्यावर शिक्का नाही. तो मुद्दा मी मांडला.

४ जुलै
जुईली गेली. बॅग मीच भरली, नाहीतर निम्मं सामान राहिलं असतं. तिने त्यातलं निम्मं काढून ठेवलं.

५ जुलै, शनिवार
फोन केला. तिसऱ्या वर्षाचं बोलायचं नाही, असं ठरवून. लगेच बोलले. ती म्हणाली, आई, थांब जरा, ब्रुनो जेवत नाहीये, त्याच्याजवळ बसते. फोन तसाच सुरू राहिला. त्याच्याशी फार हळू बोलत होती. त्याने खाल्लं असावं.
परत आल्यावर म्हटलं, उद्या येते बघायला. म्हणाली, ये, पण चार ते पाच. कुत्र्यांच्या मालकांना भेटायची तीच वेळ आहे. जास्त वेळ थांबले की नंतर कुत्र्यांना त्रास होतो.
म्हटलं, मी काही मालक नाही.
ती म्हणाली, वेळ तीच.
चारला जाणार आहे. साडेतीनलाच पोचले, तर बाहेर बसायला काही आहे का, ते विचारायचं राहिलं.