इथपर्यंत मोठ्याने वाच

ब्रिस्टल, ३ जुलै १९८७

ती. दादा,

तुला आणि आईला नमस्कार. आम्ही कॅरॅव्हान घेतली. गाडीमागे जोडायची छोटी खोलीच म्हण ना! शेगडी, पलंग, सगळं आहे. महिनाअखेरीला मुलांना घेऊन डेव्हनला समुद्रावर जाणार आहोत. आईचा गुडघा कसा आहे?

दादा, आता खोकल्याचं निमित्त कर आणि पुढचं मनात वाच.

रविवारी मोटरवेच्या उतारावर कॅरॅव्हान डावी-उजवीकडे झोके खायला लागली आणि गाडीलाही ओढायला लागली. मुलं हसत होती. तांदूळ, कुकर, लोणच्याच्या बरण्या, सगळं मीच मागच्या पलंगाखाली कोंबलं होतं. नंतर दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “वजन मागे नको, चाकांच्या वर येईल असं ठेवा. पण मुळात ही कॅरॅव्हान तुमच्या गाडीला झेपणारी नाही.” यांना फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं! तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तुझा ट्रेलरचा कारखाना आहे, तुझं ऐकतील. पत्र नको, फोनच कर. मी लिहिलंय म्हणू नकोस.

आणि फार वेळ गप्प बसू नकोस, आईला लगेच कळतं. आता मोठ्याने वाच:

आई, काळजी करू नकोस. हे गाडी अगदी सावकाश चालवतात.

तुझी,
सुप्रभा