टॉवेल टाकाची कमान

अश्विन,

गाडी शोधू नको, मी घेऊन चालली. रायपूरले शर्यतीच्या गाड्या बांधणारा एक जण आहे. त्याच्याकडून तुझा रोल बार, ती सीटमागची कमान, काढून दुसरा बसवून आणते.

तू आईले सांगितलं, सीटमागची कमान टॉवेल टाकाची आहे. तिनं खरंच ओला टॉवेल टाकला. तो काढायले मी कमान धरून वाकली, तं बोल्टाजवळचा पत्रा लचकला. खाली जाड प्लेटच नाही! गाडी पलटली तं कमान पत्रा फाडून खाली जाईल आणि टप तुझ्या डोक्यावर येईल. चमकतो म्हणून जिन्याच्या कठड्याचा पाइप कायले घेतला रे?

आणि बनवला कोणाकडून? बाबाच्या ट्रॅक्टरले छत लावणाऱ्याकडून! तवा बी तो म्हणाला होता, हत्ती बसवा वर. ट्रॅक्टर धानाच्या बांधीत उलटला, तवा त्या दबलेल्या छताखालून बाबाले आपणच काढलं ना?

नवीन बार बसला नाही तं रविवारी ट्रॅकवर जायचं नाही. भात झाकून ठेवला आहे. आईले काही बोलू नको. मले फोन कर आणि पोटभर शिव्या दे. शिव्या देणारा जिता पाहिजे मले.

रीताताई