धाकटीची फाइल

प्रिय धाकटे,

“फाइलींना हात लावायचा नाही. लावावासा वाटलाच, तर आधी जाऊन हात धुऊन या. परत येईपर्यंत तसं वाटायचं थांबेल.” बाबांचं हे वाक्य तुला आठवतं का? तू आठ वर्षांची होतीस, मी तेरा. तू खरंच उठलीस, हात धुऊन आलीस, फ्रॉकला पुसत म्हणालीस, “अजून वाटतंय.” बाबा इतके हसले की हातातला चहा सांडला. त्यांच्या नखांत तेव्हा लिफ्टचं काळं ग्रीस होतं. ते कधीच पुरतं निघायचं नाही, त्यामुळे हात धुण्याचा सल्ला त्यांनी द्यावा याचंच आईला हसू येत होतं.

त्या फाइली कशा आल्या तेही तुला ठाऊक आहे, पण मला आज पुन्हा सांगावंसं वाटतंय. सात मजली इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला गेलेले बाबा स्वतःच तिच्यात अडकले. सोबत शेअर दलालाच्या ऑफिसातला एक म्हातारा कारकून होता. दोन तास करायचं काय, म्हणून त्या कारकुनाने त्यांना शेअर बाजार समजावला. घरी येऊन बाबा आईला म्हणाले, “अगं, आपल्या लिफ्टसारखंच आहे. वरखाली होणारच. माणसं मरतात ती लिफ्ट खाली जाते म्हणून नाही, घाबरून मधेच उडी मारतात म्हणून.” पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपासून त्यांनी आपल्या दोघींच्या नावाने एका साध्या फंडात पैसे भरायला सुरुवात केली. दोघींचा दिवस एक, रक्कम एक. दोन तपकिरी फाइली, एकीवर ‘थोरली’, दुसरीवर ‘धाकटी’. बारा वर्षं, म्हणजे ते होते तोवर, एकही महिना चुकला नाही. बाजार वर आहे की खाली, हे त्यांनी कधी पेपर उघडून पाहिल्याचं मला आठवत नाही.

इथलं सगळं तसंच आहे. लॅबमध्ये नवीन मशीन आलंय. रक्ताच्या नळ्या एका बाजूने आत घातल्या की दुसऱ्या बाजूने आकडे छापून येतात. मला मात्र अजून काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून बघायलाच आवडतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या डोळ्यांना ते झेपत नाही, हे वेगळं. खिडकीवर तीच पाटी आहे: ‘रिपोर्टबद्दल डॉक्टरांना विचारावे.’ पंचवीस वर्षं मी त्या पाटीमागे बसलेय. समोरच्या माणसाला काय झालंय हे मला त्याच्या आधी कळतं. तो विचारतो, “ताई, बरं आहे ना?” आणि मी म्हणते, “डॉक्टरांना दाखवा.” आमच्या कामात सांगायचं नसतं. नोकरीत शिकलेली ही गोष्ट मी घरीही घेऊन आले, आणि तिचं कौतुकही करून घेतलं. सगळे म्हणायचे, थोरली कशी खंबीर, कुणाला काही कळू देत नाही.

बाबांचा रिपोर्टही माझ्याच हातातून गेला होता. तुझी परीक्षा होती, तू हॉस्टेलवर होतीस, शेवटचे तीन पेपर राहिले होते. मी आईला म्हटलं, “तिचे पेपर संपू देत, मग सांगू.” मला वाटलं होतं, तेवढा वेळ आहे. मी आकड्यांवरून हिशेब केला होता. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी बाबा गेले. तू पेपर देऊन घरी आलीस तेव्हा दारात चपला बघितल्यास, आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस, ती मी आजवर कुठल्याही पत्रात लिहिलेली नाही. तू रडली नाहीस. रात्री बाबांच्या हत्यारांच्या पेटीतला पान्हा उशाशी घेऊन झोपलीस. मला वाटलं, माफ केलंस.

आता ती गोष्ट लिहिते, जी तुला अर्धीच माहीत आहे. तू सुतारकाम शिकायला गेलीस तेव्हा फंडातून आणि बँकेतून पैसे काढायच्या पाच स्लिपांवर सह्या करून मला दिल्यास. “लागलं तर असू देत, ताई.” तू पंचवीस वर्षांची होतीस त्या वर्षी बाजार कोसळला. आमच्या लॅबमध्ये बाहेरच्या बाकांवर लोक कोपर दुमडून, कापूस दाबून बसायचे आणि समोरच्या टीव्हीवर लाल आकडे बघायचे. रक्त थांबलं तरी कुणी कापूस काढत नव्हतं. त्याच आठवड्यात तुझा फोन आला. तुझ्या तळव्यात पटाशी घुसली होती, सात टाके पडले होते, आणि तू हसत म्हणालीस, “हात गेला तरी हरकत नाही, बाबांची फाइल आहे.” तू सहज म्हणालीस. मी मात्र फोन ठेवला आणि ठरवलं की काहीही होवो, तुझी फाइल बुडता कामा नये.

मी रजा टाकून फंडाच्या ऑफिसात गेले. रांग जिन्यापर्यंत होती. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “दोन्ही काढायच्या?” मी म्हटलं, “नाही, फक्त धाकटीची. माझी बुडाली तर बुडू दे.” त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दिवसभर माणसं हाताळून तो दमला होता. म्हणाला, “बाई, माझं ऐका. काहीच करू नका. घरी जा, जेवा, झोपा.” मी तुझी स्लिप पुढे सरकवली. बाबांच्या बारा वर्षांचं त्या दिवशी निम्मं उरलं होतं. ते निम्मं मी तुझ्या बँकेच्या खात्यात सुरक्षित ठेवलं आणि परत येताना मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आगीतून आधी तुला बाहेर काढलं आणि स्वतः आत राहिले, असं काहीतरी.

माझा विचार असा होता की बाजार अजून पडेल, अगदी तळाला जाईल, तेव्हा तुझे पैसे परत घालायचे. तो थोडा पडला. मी म्हटलं, अजून पडू दे. मग तो वर जाऊ लागला. मी म्हटलं, हे खोटं चढणं आहे, पुन्हा पडेल. वर्षभराने तो मी विकलं त्याच्याही वर गेला, तेव्हा मी म्हटलं, आता इतक्या महाग कोण घालणार. दर वर्षी मी योग्य वेळेची वाट बघत होते, आणि दर वर्षी ती वेळ मागच्या वर्षीच येऊन गेलेली असायची. ज्या वर्षी सगळं जगच दार लावून घरात बसलं, त्या वर्षी बाजार पुन्हा धाडकन कोसळला. बँकेतले पैसे पुन्हा फंडात घालायला मी तुझी दुसरी स्लिप काढली, रक्कम भरली, फक्त तारीख भरायची राहिली. म्हटलं, दोन दिवस बघू. तीन आठवड्यांत तो वर निघून गेला. ती स्लिप अजून तुझ्या फाइलीत आहे. तारखेची जागा कोरी.

आणि माझी फाइल? तिच्याकडे मी बघितलंच नाही. बुडालेली म्हणून सोडून दिली होती, म्हणून ती वाढली. बाबांनी सांगितलं ते मी नेमकं माझ्या बाबतीत केलं, तेही नकळत. ते निम्मे पैसे मी तुझे म्हणून कवटाळले, ते तेवढेच राहिले, थोडं व्याज चिकटलं इतकंच.

तू विचारायचीस, “फाइल कशी आहे?” मी म्हणायचे, “सुरक्षित आहे.” त्यात खोटं काही नव्हतं. पण धाकटे, आज एक गोष्ट कबूल करते. पहिली दोन-तीन वर्षं मी गप्प राहिले ती तुझ्या काळजीने. पुढची अकरा वर्षं तशी नव्हती. एका दुपारी मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. माझा आकडा तुझ्या चौपट होता. मी तेव्हाच दोन्ही एकत्र करून निम्मेनिम्मे करू शकले असते, तुला कळलंही नसतं. मी कागद पुन्हा फाइलीत घातले. मनात आलं, धोका मी पत्करला होता ना. हे मनात आलं त्या दिवसापासून मी तुझी मोठी बहीण राहिले नाही, हे मला आता कळतंय.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या वर्कशॉपची शेड मालकाने विकायला काढली आणि तू फाइल घ्यायला घरी आलीस. आई मटार सोलत बसली होती. तू दोन्ही फाइली टेबलावर उघडल्यास, लाकूड मोजतेस तशी एकेक ओळ बोट ठेवून वाचलीस. आवाज चढवला नाहीस. “दोन्ही एकाच दिवशी सुरू झाल्या होत्या ना, ताई?” एवढंच विचारलंस. मग जाताना दारात म्हणालीस, “बाबांच्या वेळीही तूच ठरवलंस, मला काय सोसेल ते.” शेड गेली. बारा वर्षांचं तुझं नाव, तुझी गिऱ्हाइकं, तो मोठा रंधा मारायचा ओटा, सगळं गेलं, आणि आता तू दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जातेस. मी माझ्यातले निम्मे काढून चेक पाठवला, तो तू परत केलास. पाकिटात लाकडाचा भुसा होता आणि चिठ्ठीवर तुझं टोकदार अक्षर: ‘आता नको.’

तेव्हापासून तू येतेस ती मी घरात नसताना. तशी अटच आहे तुझी, आणि मी पाळते. तू येणार त्या दिवशी मी रविवार असला तरी लॅबमध्ये जाऊन बसते, उगीच काचपट्ट्या पुसते. घरी येते तेव्हा आईच्या पलंगाचा करकर आवाज थांबलेला असतो, टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली लाकडाची चकती बसवलेली असते. गेल्या वेळी माझ्या खोलीच्या दाराची कडीही घट्ट केली होतीस. ती चुकून केलीस की मुद्दाम, यावर मी बरेच दिवस विचार करत होते.

आई तुझ्याशी रविवारी फोनवर बोलते, त्याआधी आता ग्लासभर पाणी पिते आणि उशांना टेकून ताठ बसते. मग आवाज नेहमीसारखा निघतो. तुला काही जाणवलं नसेल. तिचा चष्मा हल्ली नाकावरून घसरतो. मी दोनदा दांड्या वाकवून आणल्या, तरी घसरतोच, कारण चेहराच लहान झालाय. परवा, मंगळवारी, तिच्या रक्ताची काचपट्टी मी स्वतः पाहिली. मोठ्या दवाखान्यात आधी केलेल्या तपासण्यांचे कागदही त्याच दुपारी आले. मी घरी आले तर तिने विचारलं, “काय निघालं गं?” माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “डॉक्टरांना दाखवू.” ती म्हणाली, “मी काय तुझ्या खिडकीसमोर उभी आहे?” मग मी सांगितलं. डॉक्टरांनी आठवडे म्हटलेत, तेही बोटांवर मोजण्याइतके. ती बराच वेळ हातातली चादर सरळ करत राहिली आणि म्हणाली, “धाकटीचं शाळेच्या बाकांचं काम चालू आहे. महिनाअखेर संपेल. मग सांग तिला.” बाबांच्या वेळचे माझेच शब्द, धाकटे, फक्त परीक्षेच्या जागी बाक. काल दिवसभर मी हो म्हणून गप्प होते. आज लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता हे लिहायला बसलेय. माझा फोन तू उचलत नाहीस, पण कुरिअरवाला उद्या सकाळी पोचवतो म्हणालाय. मी एक दिवस घालवला, त्याहून जास्त घालवणार नाही. महिनाअखेरीची वाट बघू नकोस, बाक राहू देत, निघ. तू येशील, त्यात मला शंका नाही. मला मागायचंय ते दुसरंच. या वेळी मला लॅबमध्ये पाठवू नकोस. तू तिच्या उशाशी बस, मी पायाशी बसेन. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, पैशांचा विषय मी काढणार नाही, माफीचाही नाही. फक्त त्या खोलीत मला राहू दे. तू नाही म्हणशील, हे मला माहीत आहे, आणि तुझं चुकणारही नाही. तरी मागते.

तुझीच,
ताई