दाजी, गुडघे कसे आहेत?

॥ श्री चिंचेश्वर प्रसन्न ॥

उचगाव, मंगळवार

तीर्थस्वरूप दाजींच्या पायाशी उदयसिंहचा नमस्कार, आक्काला आठवण आणि गोठ्यातल्या मंडळींना चारा-पाणी वेळेवर मिळो ही चिंचेश्वराला विनंती.

इकडं आम्ही सगळे ठीक. तिकडं शाहूवाडीला भात मळून केव्हाच घरात आलं असेल, गवताची गंजी रचून झाली असेल, म्हणजे सध्या तुम्हाला वेळच वेळ आहे असं मी धरून चालतो. तब्येत कशी आहे? नुसतं 'बरी आहे' असं कळवू नका, सविस्तर कळवा. गुडघे कसे आहेत? उकिडवं बसून उठताना हात टेकावा लागतो का? डावा खांदा दुखायचा तो थांबला का, आणि हात डोक्याच्या वर सरळ जातो का? (भिंतीला पाठ लावून बघावं.) लांबचं नीट दिसतं का, म्हणजे समोरच्या माळावरची म्हैस आपली का शेजाऱ्याची हे बसल्या जागी ओळखू येतं का? वजन किती? सोसायटीच्या काट्यावर एकदा उभं राहून बघितलंत तर बरं. पायाला अजून नऊ नंबरच लागतो ना? मेव्हण्यानं इतकं विचारायचं नसतं हे मला कळतं, पण माणसाचं वय व्हायला लागलं की जवळच्यांना काळजी वाटते.

फोन केला असता, पण तुमच्याकडं डोंगराच्या आड रेंज न्हाय, आणि कधी आलीच तर फोन आक्का उचलते. शिवाय फोनवर तुम्ही 'बघूया' म्हणून ठेवून देता. पत्राला तसं मधेच तोडता येत नाही. दुधाच्या टेम्पोतून पाठवतोय, ड्रायव्हरला चहा पाजा.

आता आपल्या फुटबॉल क्लबचं. तुमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी काढलेलं चिंचेश्वर तरुण मंडळ ह्या वर्षी सीनियर गटात सगळ्यांत खालून दुसरं आहे. रविवारी शेवटची मॅच. एक पॉइंट मिळाला, म्हणजे नुसती बरोबरी झाली तरी आपण वर राहतो, हरलो तर खालच्या गटात. आणि उचगावसारखा संघ एकदा खाली गेला की संपला, कारण दुसऱ्या दिवशी पोरं कोल्हापुरात पेठेतल्या संघांकडं फॉर्म भरायला जातात आणि मागं राहतो तो मी, एक पंप आणि दोन फुटके बॉल. आबांना आता ऐंशी पूर्ण झाली. बाकी काही लक्षात राहत नाही, पण रोज सकाळी उठल्या उठल्या विचारतात, "आपण वर हाय का खाली?" मी 'वर' म्हणतो, मग ते चहा घेतात. सोमवारी त्यांना काय सांगायचं हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

तुम्ही खेळत होता त्या वेळचं आता काही राहिलेलं नाही. पेठेच्या मोठ्या संघाला परदेशातनं आलेले दोन खेळाडू आहेत, त्यांना फ्लॅट आहे, त्या फ्लॅटवर तांबडा-पांढरा रस्सा पोचवायला माणूस आहे. चौकात त्यांचे दोन मजली फलक लागतात. आपणही एक फलक लावला, पण वर्गणी दिलेल्या प्रत्येकाचा फोटो टाकावा लागला, त्यामुळं खेळाडू पोस्टाच्या तिकिटाएवढे आले आणि मधोमध गिरणीवाला. त्यांचा सराव हिरवळीवर, आपला क्रशरशेजारच्या माळावर, तोही पहाटे साडेपाचला, कारण निम्मी पोरं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत आणि कुणाची शिफ्ट कधी हे त्यांच्या सुपरवायझरला सोडून कुणाला ठाऊक नसतं. अकरा पोरं एकदम मी ह्या वर्षात फक्त मॅचलाच बघितली. सरावाला सहा येतात. मग तीन-तीन असं खेळतो. (मी शिट्टी वाजवतो आणि बॉल ओढ्यात गेला की आणतो.) पाठिंब्याचं म्हणाल तर पेठेच्या मागं हजारो माणूस, ताशे, भोंगे. आपल्या मागं मी, पोरांचे दोन-चार बाप आणि एक फुटाणेवाला, तोसुद्धा दुसऱ्या हाफला गर्दी असेल तिकडं जातो.

ह्या वर्षी मात्र एक स्पॉन्सर गाठला. आपल्या फाट्यावरचे शशिधर, पाण्याच्या पंपांचं दुकान, सज्जन माणूस. बायकोशी कन्नडमधनं, गिऱ्हाइकाशी मराठीतनं आणि पोलिसाशी हिंदीतनं बोलतात. पंधरा दिवस मी त्यांच्या दुकानात बसलो. शेवटी ते म्हणाले, रोख देणार न्हाई, जर्सी देतो, छातीवर पंपाचं चित्र पाहिजे आणि ग्रुप फोटोत मधे मी बसणार, बॉल माझ्या मांडीवर. मी सगळ्याला हो म्हटलं. एकच गोष्ट विचारायची राहिली, ती म्हणजे रंग. आणि तेवढीच नडली.

शशिधर लहानपणापासनं पेठेच्या संघाचे. घराला जांभळा रंग, दुकानाचं शटर जांभळं-पांढरं. त्यांना फुटबॉलची जर्सी वेगळ्या रंगाची असू शकते हे माहीतच नव्हतं. गठ्ठा सोडला आणि आतनं जांभळे-पांढरे पट्टे निघाले, पेठेचे, जसेच्या तसे. कोल्हापुरात एखाद्यानं दुसऱ्याच्या पानात जेवलं तर चालतं, पण दुसऱ्याचा रंग अंगात घातलेला चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, शेठ, हे काय केलंत? ते म्हणाले, "मग फुटबॉलला आणखी कुठला रंग असतोय?" खरं विचारत होते बिचारे. जुन्या जर्सींना काखेत भोकं पडली होती, नव्या घ्यायला खिशात काही नव्हतं. म्हटलं, आपल्याला बघायला येतंय कोण.

पण आले. गेल्या रविवारी आपल्यानंतर पेठेची मॅच होती आणि त्यांचे लोक लवकर येऊन बसले. आत जांभळे-पांढरे पट्टे दिसल्यावर त्यांना वाटलं मॅच चालू झाली. दाजी, मी तीस वर्षं स्टेडियमला जातोय, आपल्या पोरांच्या नावावर असला आवाज कधी ऐकला नव्हता. ताशा काय, भोंगे काय. आपली पोरं पहिली पाच मिनिटं घाबरून मागं बघत होती. मग त्यांना तो आवाज चढला. जो वीरेश एरवी बॉल आला की डोळे मिटतो (पाच फूट दोन इंच, पण डिफेन्सला दुसरं कुणी न्हाय) त्यानं हाफ लाइनपासनं पळत जाऊन गोल केला. दहा मिनिटांनी आणखी एक. हाफ टाइमला दोन-शून्य. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. पाठिंबा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, तोही उसना.

हाफ टाइमला माइकवरनं नाव पुकारलं, "चिंचेश्वर, उचगाव, दोन." पेठेची गॅलरी एकदम गप झाली. पाऊण तास आपण भलत्यालाच ओरडत होतो हे कळल्यावर माणसाला स्वतःचा राग येतो, आणि तो दुसऱ्यावर काढावा लागतो. आमचे रंग उतरवा म्हणून आरडाओरडा चालू झाला. दुसऱ्या हाफला आपला गोल नेमका त्यांच्या गॅलरीपुढं. गोलकीपर राजवीर (त्याला शेठनी पट्ट्यांऐवजी सगळी जांभळीच जर्सी दिलेली), फाउंड्रीत भट्टीवर असतो, डोकं तसंच. थोडा वेळ त्यानं ऐकून घेतलं. मग जर्सी काढली, घडी केली, जाळीवरनं पलीकडं टाकली आणि म्हणाला, "घ्या तुमचं जांभळं. घाम आमचा हाय तेवढा धुऊन वापरा." पंचानं पिवळं कार्ड दाखवलं आणि जर्सी घाल म्हणाला. जर्सी गॅलरीत, घालणार काय? उघड्याबंबानंच थांबतो म्हणून राजवीर हटून बसला. दुसरं पिवळं, म्हणजे लाल. राजवीर बाहेर, आणि रविवारच्या मॅचलाही बंदी.

गोलमध्ये वीरेशला उभं केलं. दोन बॉल त्याच्या डोक्यावरनं गेले. उडी मारली त्यानं, नाही म्हणत नाही, पण देवानं उंची दिली नाही त्याला मी काय करू. दोन-दोन. आता वीरेश म्हणतो, कुठंबी उभा करा, त्या जाळीत न्हाय.

म्हणजे रविवारी गोलकीपर नाही. आणि मॅच कुणाबरोबर, तर पेठेबरोबरच. (रंग एकच झाल्यामुळं शशिधरांनी दुकानातले पांढरे टीशर्ट दिलेत. शिवाय शेठ स्वतः रविवारी आपल्याकडनं ओरडणार म्हणालेत, निदान दुसऱ्या हाफला.) नवीन नाव घालायची मुदत केव्हाच संपली. यादीत आपण तीन गोलकीपर दाखवलेत. एक राजवीर. दुसऱ्याला जानेवारीत पेठेनं उचललं, नोकरी देतो म्हणून. नोकरी दिली, पण खेळवत नाहीत, बाकावर बसवतात. आपल्याकडं नसावा एवढ्यासाठी नेला. तिसऱ्याचं पुढं सांगतो.

ह्या गडबडीत मला तुमची ती सेमीफायनल आठवली. एकोणीस वर्षं झाली. तेव्हा तुम्ही शिरोलीला कामाला होता, आमच्याच गल्लीत भाड्यानं राहत होता, आणि चिंचेश्वरच्या गोलमध्ये तुम्ही असला की आबा निवांत पान खात बसायचे. समोर पेठच होती. पंच्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य, तुम्ही सात बॉल काढलेत, मी मोजले होते. आणि मग तो एक बॉल, कुणी धड मारलासुद्धा नव्हता, घरंगळत आला आणि तुमच्या पायामधनं आत गेला. तुम्ही म्हणाला ऊन डोळ्यावर आलं. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं, अजून करतो. गाव बोललं, बोलणारच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे माळावर सरावाला सगळ्यांत आधी तुम्ही होता, आणि वर्षानं तुम्ही आक्काला मागणी घातली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "गोल सोडला, पण प्रॅक्टिस सोडली न्हाय." लग्न झालं, तुम्ही शाहूवाडीला शेतीवर गेलात आणि परत कधी स्टेडियमची पायरी चढला नाही. मॅचच्या दिवशी इकडं आलात तरी घरात बसून शेंगा सोलता. आम्ही कधी विचारलं नाही. मला वाईट वाटतं, एवढंच आज लिहितो.

असो. पत्र लांबलं. माझ्यासारख्या सेक्रेटरीला कुणी ऐकून घेणारं नसतं, म्हणून तुमच्यावर काढलं. मनात दुसरं काही नाही. आक्काला नमस्कार, थोरामोठ्यांना दंडवत, म्हशींना काय असेल ते.

आपला आज्ञाधारक मेव्हणा
उदयसिंह

ता. क. : मनात दुसरं काही नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. तिसऱ्या गोलकीपरचं नाव आकाराम, राहणार शाहूवाडी, उंची पाच फूट अकरा. यादीत वीस नावं लागतात, आपली सतरा भरली, तेव्हा एक गिरणीवाला, एक मी आणि एक तुम्ही अशी घातली. नुसती यादी भरायला, सगळेच छोटे क्लब भरतात. भाऊबीजेला जेवण झाल्यावर बँकेचा केवायसीचा म्हणून ज्या कागदावर तुमची सही घेतली तो केवायसीचा नव्हता. माफी असावी. रविवारी दुपारी चारला मॅच आहे. शनिवारी मुक्कामाला या, येताना आधार कार्ड आणा. बूट राजवीरचे आहेत, नऊ नंबर.

ता. क. दुसरा : आक्काला यातलं काही कळू देऊ नका. तुम्हाला गोलमध्ये उभं करतोय म्हटल्यावर ती माझं तोंड बघणार नाही. आबांनी बोलावलंय म्हणून सांगा. आबांना विचारलं तर ते 'व्हय' म्हणतील, सध्या सगळ्यालाच म्हणतात.

ता. क. तिसरा : पाकीट बंद केलं होतं, ते परत फोडलं. आत्ता आक्काचा फोन आला (रेंज आली होती म्हणे). तिला सगळं माहीत आहे. राजवीरच्या बंदीचं टेम्पोच्या ड्रायव्हरनं तिला कालच सांगितलं होतं. भाऊबीजेला तो फॉर्म तिनं वाचला होता, आणि पेन सापडत नव्हतं तेव्हा तुमच्या हातात पेन तिनंच दिलं. सकाळच्या टेम्पोतनं तिनं तुमची जुनी पिवळी गोलकीपरची जर्सी पाठवली, ट्रंकेतनं काढून, धुऊन, इस्त्री करून. तुम्ही शोधू नका, ती इकडं पोचली. निरोप सांगितलाय तो तिच्याच शब्दांत लिहितो: "तुझ्या दाजींना सांग, त्या दिवशी ऊन नव्हतं, ढग आलते. आणि ते कुठं बघत होते ते मला म्हाईत हाय, मी तिथंच बसलेली. ह्या वेळी मी गोलच्या मागं बसणार हाय. मॅच संपली की मागं वळून बघा म्हणावं, तोवर न्हाय."

एकोणीस वर्षं आम्ही सगळे उन्हाला शिव्या घालतोय, दाजी. गुडघ्यांचं काही कळवू नका. नुसते या.