एका शेंगदाण्याची ऊब

४ जानेवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. नमस्कार बसूनच करते, खुबा उठू देत नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आले. ऑपरेशन करायला ते तयार आहेत, पण म्हणाले, आधी अंगावर मांस चढू दे, असल्या सापळ्याला भूल द्यायची माझी छाती नाही. मार्चमध्ये पुन्हा वजन बघणार. नाही वाढलं तर ही काठी जन्माची, आणि लाँड्रीचं शटर कायमचं खाली. रोज अठराशे कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत म्हणे. मी आपली मान डोलावली. कॅलरी म्हणजे काय, हे विचारायची लाज वाटली. तुम्ही जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलंत, आता मला शिकवा.

खरं सांगू? हे गेल्यापासून एकटीसाठी गॅस पेटवावासाच वाटत नाही. चहा करते, त्यात दोन बिस्किटं बुडवते, की झालं. रागावू नका.

लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

तुमची वहिनी

१२ जानेवारी

ती. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि. रागावू नका म्हणे! अगं, चहा-बिस्किटांवर काय माणूस जगतं? तू समोर असतीस तर तुझं काही खरं नव्हतं.

तर ऐक. कापड मीटरने मोजतात, तशी उष्णता कॅलरीने. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती एक कॅलरी. आता तुझ्या धंद्यातलं सांगते. शेगडीवर तापवायच्या त्या दोन इस्त्र्या आठवतात? छोटी बाह्यांसाठी आणि ती भलीथोरली चादरींसाठी. दोन्ही सारख्याच तापवल्या तरी छोटी एका शर्टात गार पडायची, मोठी चादर संपेपर्यंत पुरायची. तापमान सारखं, पण मोठीच्या पोटात उष्णता जास्त. कॅलरी मोजते ती ही पोटातली उष्णता. अन्न जाळलं की तशीच उष्णता निघते. आपलं शरीरही तेच करतं, फक्त हळूहळू आणि धूर न काढता.

आणि आपला शेंगदाणा विसरलीस? मी नववीत, तू नवी नवरी. लाँड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलावर सुईला दाणा टोचून पेटवला, वर डब्यात पाणी ठेवलं, आणि मी दीडशहाणीने त्यात घरातलं ताप मोजायचं थर्मामीटर बुडवलं. ते फाटकन फुटलं. आईच्या तावडीतून तूच सोडवलंस मला. दुसऱ्या दिवशी दादाने कुठून तरी लांबलचक थर्मामीटर पैदा केलं होतं. ते अजून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असेल. काढ, आणि कर पुन्हा प्रयोग. दाणे पाठवतेय.

लोभ आहे तेवढा पुरे, आता वजन वाढव.

तुझी नणंद

२३ जानेवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. दाणे पोचले. थर्मामीटर ड्रॉवरमध्येच होतं, यांच्या रुमालात गुंडाळलेलं. शटर अर्धं उघडून आत गेले आणि त्याच टेबलावर मांडामांड केली. शंभर ग्रॅम पाणी घेतलं. दाणा विझेपर्यंत पाणी अठरा अंश चढलं. शंभर गुणिले अठरा. अहो, अठराशे! डॉक्टरांचा आकडा एका दाण्यात! म्हणजे एक शेंगदाणा तोंडात टाकला की माझा दिवसाचा कोटा संपला. मग एवढा आटापिटा कशाला चाललाय सगळ्यांचा?

चेष्टा राहू द्या. दाणा जळल्याचा तो वास आला आणि मला रडूच कोसळलं. हे आता मागून येऊन म्हणतील, चादर करपली की काय, असं वाटलं. किती तरी वेळ बसून होते तिथेच.

लोभ असू द्या, आणि उत्तर लवकर द्या.

तुमची वहिनी

३१ जानेवारी

ती. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि. धन्य आहेस! पत्र वाचून इतकी हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. अगं, डॉक्टरांची कॅलरी मोठी. आहारवाले शून्यं लिहायला कंटाळतात, म्हणून आपल्या हजार कॅलरींना मिळून एक म्हणतात. तुझ्या हिशोबाने तुला रोज हजार दाणे लागतील. बस खात.

आणि तुझा हिशोबही तोकडाच. दाण्यात याच्या दुपटीहून जास्त उष्णता असते. बाकीची डब्यात गेली, हवेत गेली, तुझ्या बोटांना लागली. तेव्हाही तसंच झालं होतं. आकडा पुस्तकातल्याच्या निम्मासुद्धा आला नाही म्हणून मी भोकाड पसरलं होतं. दादाने दुसरा दाणा पेटवला, आपल्या दोघींचे हात ओढून ज्योतीजवळ धरले आणि म्हणाला, पाण्यात गेली नाही ती वाया गेली असं कोण म्हणतं? आपण तिघं शेकतोय ना इथे. पुस्तकवाल्याने आपल्याला हिशोबात धरलंच नाही.

वहिनी, त्या टेबलापाशी तिघं होतो. आता दोघीच आहोत. तूही गेलीस तर ही गोष्ट मी कुणाला सांगू? मला भीती वाटते गं. माझ्यासाठी जेव.

तुझी नणंद

७ मार्च

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. आज नमस्कार उभ्याने, काठी धरून का होईना. काल वजन केलं. डॉक्टर काट्याकडे दोनदा वाकून बघत होते. पुढच्या महिन्यातली तारीख दिलीये.

आता एक सांगते. प्रयोगाला एक दाणा लागतो, वन्सं, आणि तुम्ही पोतडीभर पाठवलेत. मी काय दूधखुळी आहे? पार्सल उचललं तेव्हाच ओळखलं. पण तुमचं ते भीती वाटते वाचलं आणि उठून गॅस पेटवला. दाणे भाजले, कुटले, भाजीत घातले, नुसतेही खाल्ले. रोज गॅस पेटवला की आधी क्षणभर हात शेकून घेते. पुस्तकवाल्याला काय कळतंय!

ऑपरेशन झालं की तुम्ही या. शटर आपण दोघी मिळून वर करू. एक दाणा राखून ठेवलाय. पाणी नको, थर्मामीटर नको, नुसते हात शेकू.

लोभ आणि वजन, दोन्ही वाढतं आहे.

तुमची वहिनी