झुपकीची शेपटी

सिडको, नाशिक
८ जानेवारी २०२४

ती. स्व. खंडेरावमामांस,
हर्षालीचा शि. सा. नमस्कार.

मोरी कुत्री व्याली, पाच पिल्लं झाली, हे मामींकडून कळलं. तुमच्याशीच बोलायचं होतं. पण हल्ली तुम्ही फोन कानाला लावता, "बरं, बरं" म्हणता आणि मामींच्या हातात देता. कानाचं यंत्र अजून डबीतच आहे ना? शिटी वाजते म्हणून ते न लावणारे तुम्ही एकटेच नाही, माझे सासरे, अमोलचे वडीलही तसेच. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र काही शिटी वाजवत नाही.

एक पिल्लू माझ्यासाठी ठेवलंय म्हणे. आई गेल्यापासून देवळ्याचं घरच माझं माहेर, आणि माहेराहून काही आलं की मला अजूनही शाळेतल्यासारखा आनंद होतो. मात्र एक मागणं आहे. माझ्या पिल्लाची शेपूट छाटू नका. लहानपणी तुम्ही पातं काढलं की मी खाटेखाली जाऊन बसायचे, ते तुम्हाला ठाऊक आहे. डोळे न उघडलेल्या पिल्लाला काही कळत नाही असं तुम्ही म्हणायचात. आमच्या अंबडच्या कारखान्यात एकाचं बोटाचं पेर मशीनमध्ये गेलं. थंडी पडली की ते नसलेलं पेर दुखतं, असं तो सांगतो. पिल्लाला सांगता येत नाही, एवढाच फरक.

मामींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, माझं ते ऐकत नाहीत, तूच लिही. तर लिहिलं. रागावू नका. मामींना नमस्कार.

तुमची,
हर्षाली


देवळा
१४ जानेवारी २०२४

चि. सौ. हर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा चार पिल्लांच्या शेपट्या छाटून, हळद लावून झाली होती. पाचवी तुझी कुत्री, म्हणून शेवटी ठेवली होती. पातं हातात होतं आणि मागून जयराम पोस्टमननं खांद्यावर हात ठेवला. मी केवढ्यानं दचकलो. त्याला म्हटलं, हाक मारायची सोडून अंगाला काय हात लावतोस? तर तो म्हणे, तीनदा मारली. असो. पत्र वाचलं आणि पातं पुसून ठेवलं.

आता माझंही ऐक. मी हौसेनं छाटत नाही. मळ्यात बिबट्या येतो, तो कुत्र्याला शेपटीला धरून ओढतो. आमच्या वडिलांनी छाटल्या, त्यांच्या वडिलांनी छाटल्या. बोटभर शेपटी गेलेली परवडते, अख्खं कुत्रं गेलेलं परवडत नाही. तू म्हणशील, नाशकात कुठला बिबट्या? पेपर वाचत जा. तुमच्याकडे तर तो बंगल्यांच्या आवारात फिरतो.

पण तुझ्यापुढे बोलून उपयोग नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, तसा तुझा हट्ट. भाचीला दिलेली वस्तू भाचीची. तिचं काय करायचं ते तिनं ठरवावं. शेपटीला मोठा झुपका येणार असं दिसतंय, म्हणून मी तिला झुपकी म्हणतो. तुझ्या घरात ती शेपटीनं चहाचे कप पाडील तेव्हा मला कळव, मी हसेन.

कांद्याची लागण उरकली. अमोलरावांना आशीर्वाद.

तुझा मामा,
खंडेराव


सिडको, नाशिक
३ मार्च २०२४

ती. स्व. मामांस,
शि. सा. नमस्कार.

पातं पुसून ठेवलंत, हे वाचून अमोलपुढे मी रडले. तो म्हणाला, कुत्र्याच्या शेपटीसाठी रडणारी बायको मिळायला नशीब लागतं. तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत मामा. मला सायकल शिकवताना तुम्ही बांधावरून मागे पळत होतात, ते मी विसरलेले नाही. पण स्वतःला न पटलेली गोष्ट निव्वळ मी म्हणते म्हणून केलीत, हे मला सगळ्यांत मोठं वाटतं.

बिबट्याची तुमची भीती मात्र खरी आहे. मी नुसतीच शहाणपण शिकवून मोकळी झाले, याची मला लाज वाटली. म्हणून सोबत दोन पट्टे पाठवते. जाड चामडं आहे, बाहेरच्या बाजूनं खिळे आहेत. अंबडला अमोलच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतले. बिबट्या मान धरतो, हे तुम्हीच मला पाटाकडेला पडलेलं वासरू दाखवून सांगितलं होतं. मग राखायची ती मान, नाही का? मोठा मोरीला, छोटा झुपकीला. इथल्या द्वारका चौकातून देवळ्याकडे परतणाऱ्या कांद्याच्या पिकअपमध्ये पुडकं ठेवलं आहे.

आमच्या घरमालकाला कुत्रं चालत नाही. पाथर्डी फाट्याचं आमचं घर अक्षय तृतीयेपर्यंत तयार होईल. तेव्हा आखाजीच्या माहेरपणाला येईन आणि झुपकीला घेऊन जाईन. तोवर तिला सांभाळा.

माया आहे तशीच असू द्यावी.

तुमची,
हर्षाली


देवळा
१ मे २०२४

हर्षाली बाय,
तुझ्या मामीचा आशीर्वाद.

लय दिवसांनी पेन धरला, अक्षराला हसू नको. तुझे मामा बाजाराला गेलेत तवर लिहिते. फोनवर बोलले असते, पन त्ये समोर असले का माझ्या तोंडाकडं बघून सगळं वळखत्यात.

तुला म्हाईत नाय, कान गेल्यापासून यांनी ओट्यावर बसनं सोडलं होतं. कोन मागून आलं का दचकायचे. लोकं हाक मारायचे, यांना ऐकू नाय यायची, मग लोकं म्हनायचे, खंडेराव आता ताठला, ओ देत नाय. ते यांच्या मनाला लय लागलं. दिवसभर आत, भिंतीकडं तोंड करून. मी एकलीच बोलायची. मोरी भुंकती, पन भुंकलेलं यांना काय कामाचं.

आता झुपकी समोर बसती. तिची शेपटी बघून यांना सगळं कळतं. सावकाश हलली का वळखीचं मानूस. ताठ झाली का परकं. मागल्या हप्त्यात तिनं शेपूट पायात घातली, यांनी लगेच शेळ्या आत घेतल्या. मंग पाटाकडंला बिबट्याचे ठसे दिसले. आता रोज ओट्यावर बसत्यात. जयरामला लांबूनच हात वर करत्यात. मला वाटतं मानूस माघारी आलं.

मी म्हनलं, हर्षालीला सांगा, राहू दे म्हनावं. तर लय चिडले. भाचीला दिलेलं मामानं माघारी घेत नाय, ती भाचीनी शे, भाचीचीच हाय, म्हनले. तिच्या दोरीला नवी सुतळी पन वळून ठेवलीय, तू न्यायची म्हनून. वळताना तोंड बघवत नव्हतं.

मी तुला काय मागत नाय. आखाजीला ये, आमरस करते. डोळ्यांनी बघ आन तुला वाटंल ते कर. मी लिहिलं हे सांगू नको.

तुझी,
मामी


सिडको, नाशिक
१५ मे २०२४

ती. स्व. मामांस,
शि. सा. नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. आमरस अजून जिभेवर आहे. पण मी झुपकीला न घेता गाडीत बसले म्हणून तुम्ही रागावलात, "दिलेलं नाकारतेस?" म्हणालात आणि पाठ फिरवलीत. गाडीतून ओरडून काही सांगायची सोय नव्हती, म्हणून हे पत्र.

मी काही नाकारलेलं नाही. झुपकी माझीच आहे. मी ती तुम्हाला अर्धलीनं दिली आहे. तुम्ही शेजारच्या नवसाबाईंना शेळी दिलीत ना, तशीच. शेळी तुमची, सांभाळायची त्यांनी, आणि पुढे करडं होतील ती निम्मी निम्मी. दिलेली शेळी तुम्ही काही परत घेतली नाहीत आणि तुमची मालकीही गेली नाही. मग भाचीनं मामाला कुत्री अर्धलीनं दिली तर कुठली रीत मोडली?

अटी अशा. पुढची अर्धी झुपकी तुमची: भुंकणं, चावणं, भाकरी खाणं. मागची अर्धी माझी. माझ्या अर्ध्याला कुणी हात लावायचा नाही. पुढे पिल्लं झाली तर निम्मी माझी.

मला कुणी काही सांगितलेलं नाही. मी स्वतः पाहिलं. मी फाटकात पोचायच्या आधीच झुपकीची शेपटी हलायला लागली, आणि तिच्याकडे पाहून तुम्ही उठून उभे राहिलात. दोन वर्षं मी तुमच्या खांद्याला हात लावून "मामा, मी आले" असं सांगत होते, आणि दर वेळी तुम्ही दचकत होतात. या आखाजीला तुम्ही माझी वाट बघत उभे होतात. एवढं माहेरपण मला पुरे आहे.

सुतळी फार सुरेख वळली आहे. तिनं झुपकीला बांधू नका, ओट्यावरच्या खाटेला कामी येईल.

राग असेल तर लिहून कळवा, म्हणजे तेवढंच पत्र येईल.

तुमची अर्धलीची मालकीण,
हर्षाली


देवळा
२१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. हर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

झुपकी व्याली. पाच पिल्लं आहेत, सगळी ठणठणीत. तुझ्या मामीनं तिला बाळंतिणीसारखं जपलं आहे, गूळ घालून पेज देते. माझ्या वाट्याला एवढा गूळ कधी आला नाही.

बिबट्याबद्दल माझं मत मी बदललेलं नाही, ते वडिलांचं आहे. पण पोळ्याच्या सुमारास मोरीच्या पट्ट्याचे दोन खिळे वाकलेले दिसले आणि मोरीच्या अंगावर ओरखडाही नव्हता. वर्कशॉपवाल्याला माझा नमस्कार सांग. गावात सात-आठ जणांना तसे पट्टे हवे आहेत.

ओट्यावर बसून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मोरीला शेपटी नाही, पण मी मळ्यातून आलो की तिचा खुंट हलतो, आणि त्याच्याबरोबर कमरेपासून ती सगळीच हलते. बिचारी इतकी वर्षं बोलत होती. झुपकीनं शिकवलं म्हणून आता तिचंही वाचता येतं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. तुला लिहितो, कारण हे तुझ्यामुळे झालं. पोरी, तू माझा ओटा मला परत दिलास.

आता कामाचं. अर्धलीच्या हिशेबानं पाचांतली अडीच तुझी. तुझ्या हिश्श्याला हात लावायचा नाही अशी अट आहे. कोणती अडीच तुझी आणि कोणती माझी, हे काही केल्या ठरेना. त्यामुळे एकाचीही शेपूट छाटता आली नाही. आता पिल्लांचे डोळे उघडलेत, म्हणजे वेळही टळली. जयराम त्यांच्याकडे बघून हसत काहीतरी विचारत होता. मला ऐकू येत नाही हे एकेकदा बरंच असतं.

दिवाळीला ये आणि तुझी अडीच निवड. घाई नाही. तोवर पाचही शेपट्या जशा आहेत तशा सांभाळतो.

तुझा हट्ट आणि आमच्यावरचा लोभ, दोन्ही असेच राहू देत.

तुझा मामा,
खंडेराव